टपालाचा दर आणि अंतराचा दंड

डाकगाडीचे दिवस गेले म्हणून उसासे टाकण्याचे कारण नाही. वऱ्हाडात आगगाडी आली ती शेतकऱ्याचे पत्र नेण्यासाठी नव्हे, त्याचा कापूस नेण्यासाठी. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. जी. आय. पी. रेल्वेचा अकोला-बडनेऱ्यावरून जाणारा मार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती आणि तिचा बोजा हिंदी रयतेच्या करांवर होता.

तथापि या व्यवस्थेतील टपालाच्या डब्यातून एक निराळे तत्त्व प्रवास करीत होते. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्रास देशभर अर्धा आणा हा एकच दर लागू झाला; तत्पूर्वी अंतर वाढले की आकार वाढे. १८६३ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर धावत्या गाडीत पत्रांची वर्गवारी सुरू झाली. त्यातूनच पुढे आर. एम. एस. उभी राहिली. सॉर्टर उभ्याने पत्रे कप्प्यांत लावीत आणि स्थानक येताच थैली उतरे. मुंबई-अकोला या दाट मार्गावर दर पत्रामागे खर्च थोडा, मेळघाटात फार. दर मात्र एकच. सधन मार्गाने दुर्गम मार्गाचा भार उचलावा, हे तत्त्व परक्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी का होईना, मान्य केले होते.

ते स्वराज्यात मोडीत निघावे, हा दैवदुर्विलास होय. १८९८ च्या कायद्याने पत्रवहनाचा एकाधिकार शासनाकडे होता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. नोंदणी टपालात वजन पाहिले जाई, अंतर नव्हे. स्पीड पोस्टात ५० ग्रॅमच्या वर अंतराप्रमाणे दर चढतो. दाव्याची कागदपत्रे, जमिनीचे उतारे, पीकविम्याची तक्रार असे जड लखोटे मुंबईस पाठवणार कोण? धारणीचा कास्तकार. मंत्रालयाच्या सावलीत राहणाऱ्यास मात्र स्थानिक दर!

‘आता पत्रे लिहितो कोण?’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, सरकारदरबारी पोचपावती हा दुबळ्याचा पुरावा असतो. टपाल आगगाडीने न्या, मोटारीने न्या वा विमानाने. आमचे भांडण वाहनाशी नाही. नोंदणीच्या लखोट्यास वजनानुसार देशभर एकच दर, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या टपालघरांपुढे मांडली पाहिजे. दूर राहणे हा गुन्हा नव्हे. त्याचा दंड गरिबाने का भरावा?