एजंट म्हणतो, ‘सोसायटीचा नियम आहे’

पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेल्या आपल्या तरुणांना घर शोधताना कायद्याआधी एजंट भेटतो. फोनवर भाडं, डिपॉझिट सगळं जुळतं. नाव सांगितलं की मालक अचानक बाहेरगावी जातात. सरळ एजंट असेल तर तोंडावर सांगतो, ‘सोसायटीचा नियम आहे, तुमच्यासाठी कोंढव्यात बघतो.’ तो द्वेषानेच बोलतो असं नाही. त्याला दलाली हवी असते आणि ती कुठे लवकर सुटेल हे त्याला ठाऊक असतं. पण शहरातल्या वस्त्या अशाच फोनांवर वेगळ्या होत जातात.

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली. माणसांना दुसरीकडे जागाच मिळत नसेल, तर कसंही बांधलं तरी खपतं. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली.

म्हणून ‘आपल्या भागात रेट वाढतोय, आत्ताच घ्या’ असं कुणी म्हणालं की आधी विचारा, कशामुळे वाढतोय? स्टेशन, पाणी, शाळा आल्यामुळे, की आपल्याला इतरत्र दार बंद आहे म्हणून? दुसरं कारण असेल, तर उद्या विकताना गिऱ्हाईकही त्याच कोंडलेल्या गर्दीतून येणार.

रेट एजंटच्या तोंडूनच कळला पाहिजे असं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘इंडेक्स टू’ पाहता येतो. त्याच इमारतीतला फ्लॅट कागदावर कितीला गेला ते समजतं. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर आहे, बाजारभाव नव्हे. सोयीप्रमाणे दोन्हींची सरमिसळ करणारे एजंट कमी नाहीत. नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि एजंटचा स्वतःचा नोंदणी क्रमांक मागा. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका, मग एजंट कितीही जवळचा पाहुणा असो. भाड्याचा करार नोंदवलेलाच हवा. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ती जबाबदारी मालकावर टाकतं.

आता तो ‘सोसायटीचा नियम’. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते. आदर्श उपविधींनुसार फ्लॅटच्या विक्रीला सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही. तेव्हा एजंटला म्हणा, नियम लेखी आणून दाखवा. तोंडी नियम कागदावर सहसा येत नाही.

कायद्याची मर्यादाही मोठी आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याची मुभा दिली. भाड्याने घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला संविधानाचं कलम १५ थेट लागू होत नाही, आणि भाड्याची दलाली महारेराच्या कक्षेत येत नाही. घर भाड्याने देताना भेदभाव करणाऱ्या मालकाला आणि एजंटाला रोखणारा कायदा आपण मागायला हवा.

तो मागताना आपल्या मोहल्ल्यातले मालक एजंटला काय सांगून ठेवतात, तेही ऐकायला हवं. तलाकशुदा बाई नको, एकटी मुलगी नको, दलित कुटुंब नको, अमुक बिरादरीचे नकोत. हे फोनही तेच एजंट घेतात. जिथे जमातीच्या किंवा ट्रस्टच्या खोल्या भाड्याने दिल्या जातात, तिथे भाडेकरू कोणत्या निकषावर निवडतात हे लेखी मागण्याचं काम तिथल्या तरुणांना याच महिन्यात करता येईल.