आजीचा अर्धा रोल

पुढच्या आठवड्यात अ‍ॅमस्टरडॅमला निघतोय. पेडण्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्ली, तिथून पुढे. कपड्यांची काळजी नाही, काळजी आहे ती बाबांच्या जुन्या याशिकाची. त्यात अर्धा रोल आहे: डिचोलीच्या घरची चवथ, माटोळी बांधणारे काका आणि ओसरीवर बसलेली आजी. आजी आता नाही.

फिल्म प्रकाशानं जशी खराब होते, तशी क्ष-किरणांनीही होते. चेक-इन बॅगेची यंत्रं जास्त तीव्र, म्हणून रोल तिथे कधीच टाकू नका. हँडबॅगेच्या जुन्या यंत्रातून ४०० आयएसओपर्यंतचा रोल एक-दोनदा सहसा सुखरूप जातो. पण स्किफोलसारख्या विमानतळांवर आता सीटी स्कॅनर आहेत. त्यातून एकदा गेलेला कुठलाही रोल धुरकट होऊ शकतो. कॅमेऱ्यात भरलेला रोलही याला अपवाद नाही.

रोल पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा. ती मान्य होईलच असं नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच ठेवा. कॅमेरा महागडा असेल तर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना शुल्काचा वाद नको.

मी काल बारा फोटो शिल्लक असतानाच रोल मागे गुंडाळला आणि धुवायला दिला. याशिका रिकामाच येतोय. नवे रोल तिथेच घेईन, तिथेच धुवून आणीन.

तुमच्या कपाटातल्या कॅमेऱ्यातही एखादा अर्धा रोल असेल. पाठ उघडण्याआधी तो मागे गुंडाळा. बारा फोटो वाया गेले तरी चालतील.