खंडेनवमीचे शस्त्र आणि कायद्याचा ताबा

शारदीय नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनास राणीसावरगावची वाट धरणाऱ्या भाविकांच्या घरी खंडेनवमीला पाट मांडला जातो. त्यावर बहुधा विळा, कोयता, कुऱ्हाड, क्वचित तराजू असतो. कायद्यास त्यांच्याशी कर्तव्य नाही. केवळ शेतीची व घरगुती वापराची साधने, अगदी लाठीसुद्धा, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. प्रश्न उभा राहतो तो एखाद्या जुन्या वाड्यात त्या पाटावर बंदूक येते तेव्हा.

समजा, परवाना वडिलांच्या नावे होता. वडील निवर्तले, मुलगा पुण्यास नोकरीला. बंदूक फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली, वर्षातून एकदा तिला हळदकुंकू वाहायचे. घरच्यांच्या लेखी ती वडिलांची आठवण. परंतु परवाना व्यक्तीस मिळतो, घराण्यास नव्हे. धारकाच्या मृत्यूबरोबर तो संपतो, आणि कलम २१ अन्वये शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्यतः किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आहे.

‘मी तर गावी नव्हतो’ हा बचाव चालेल काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात सांगितले की, ताबा म्हणजे वस्तू हाती असणे एवढेच नव्हे. वस्तूची जाणीव आणि तीवर हुकमत असली की दूर राहूनही ताबा सिद्ध होतो. या विवेचनाला दुसरी बाजूही आहे, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची. गाठोड्यात काय आहे हे ज्या सुनेस ठाऊकच नाही, ती केवळ त्या घरात राहते म्हणून अपराधी ठरत नाही.

वारसास मार्ग मोकळा आहे. २०१६ च्या नियमांनुसार धारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने सत्तरी गाठल्यावर वा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, पात्र वारसाच्या नावे परवाना मागता येतो. पूर्णतः निकामी, दुरुस्त करूनही न चालणारी ठासणीची बंदूक अधिनियमाबाहेर आहे. दुरुस्तीने चालणारी मात्र नाही, आणि लोक फसतात ते येथेच.

परवाना हा हक्क की कृपा, यावर न्यायालयांत पुष्कळ ऊहापोह झाला. १९९३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यास जीविताच्या मूलभूत अधिकाराशी जोडले. पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ते मत अमान्य केले. अमेरिकेप्रमाणे आपल्या संविधानात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये नमूद केले. म्हणून अधिकाऱ्याची मर्जी हाच कायदा, असे मात्र नव्हे. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि अर्जदार निर्धन आहे एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. जिल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याने हे दुसरे वाक्य पाठच करून ठेवावे.

कोडगू जिल्ह्यातील कोडवांना परंपरेमुळे परवान्यातून सूट आहे; त्यांच्या कैलपोळ्द सणात शस्त्रेच पूजिली जातात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ही सूट वैध ठरविली. आपल्याकडील शस्त्रपूजेस अशी सवलत नाही.

सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत शस्त्र नेण्यापूर्वी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश जारी आहे काय, हे ठाण्यात विचारावे. आनंदाच्या भरात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास, शस्त्र परवान्याचे असले तरी, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. असे बार कोठे उडतात हे सांगताना २०१९ च्या दुरुस्तीने विवाहाच्या वरातीबरोबर धार्मिक स्थळांचाही उल्लेख नावानिशी केला आहे.