बजावलं कुणाला?

मार्च 2025मध्ये एका हायफनवरून पायथनच्या जगात बराच आरडाओरडा झाला. पॅकेज बांधायला सर्रास वापरतात त्या सेटअपटूल्सने 78.0.0 या आवृत्तीत नियम कडक केला: कॉन्फिगरेशन फाइलीतल्या नावांत हायफन चालणार नाही, अंडरस्कोरच हवा. हायफन 2021पासून डेप्रिकेटेड होता, वॉर्निंग येत होती. तरीही लोकांची इन्स्टॉलेशनं अडकली आणि लगोलग 78.0.2 काढून माघार घ्यावी लागली. मुदत 2026पर्यंत वाढली.

‘चार वर्षं सांगत होतो,’ असं सांभाळणारे म्हणू शकतात. पण सांगत कुणाला होते? बिल्ड नीट पार पडला की पॅकेज बसवणारा पिप त्याचं आउटपुट दाखवतच नाही. वॉर्निंग तिथेच जिरते. (खुद्द पायथननेही 2.7पासून अशा वॉर्निंग मुळातच झाकून ठेवल्या होत्या, सामान्य वापरणाऱ्याला त्रास नको म्हणून!) दिसलीच, तरी दिसते पॅकेज बसवणाऱ्याला. फाइल दुरुस्त करायची असते लेखकाने, आणि तो कधीच दुसऱ्या नोकरीत, दुसऱ्या भाषेत रमलेला असतो. बरं, तुम्ही पॅकेजची आवृत्ती पक्की करून ठेवली म्हणून सुटका नाही. पिप बिल्डसाठी वेगळं वातावरण उभं करतो आणि लेखकाने मर्यादा घातली नसेल, तर त्यात सेटअपटूल्स ताजंच आणतो. त्यामुळे काल चाललेली कमांड आज पडते, तुम्ही एक अक्षरही बदललेलं नसताना.

म्हणून जुनं काही काढूच नये, असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर 2024मध्ये आलेल्या पायथन 3.13ने सीजीआय, टेलनेटलिब यांच्यासह 19 मॉड्यूल काढली, ते योग्यच झालं. त्यातल्या बऱ्याच मॉड्यूलना वाली उरला नव्हता. चाचण्या, सुरक्षेच्या तक्रारी मात्र कुणीतरी, बहुधा फुकट, निस्तरायच्याच होत्या. ज्याला सीजीआय हवंच आहे त्याच्यासाठी ‘लेगसी-सीजीआय’ हे वेगळं पॅकेज आहे. ज्याला गरज त्याने ओझं वाहावं, हे मला पटतं.

हायफनचं ओझं तरी केवढं? नावातल्या हायफनच्या जागी अंडरस्कोर ठेवायचा, एवढंच. त्यासाठी हजारो अनोळखी लोकांचं काम अडवणं मला शुद्ध हट्ट वाटतो. मुदत किती वर्षांची दिली, यापेक्षा निरोप लेखकाच्या कानावर गेला का, हे बघायला हवं. तो हमखास कानावर घालण्याची जागा एकच आहे: नवी आवृत्ती अपलोड करण्याची वेळ. तिथे पायपीआयने, म्हणजे पॅकेजं जिथे अपलोड होतात त्या कोठाराने, हायफनवाली फाइल खुशाल परत पाठवावी. लेखक समोरच बसलेला असतो, पाच मिनिटांत दुरुस्त करेल. आणि ज्या पॅकेजांचे लेखक केव्हाच निघून गेले, ती पूर्वीसारखी बसू द्यावीत. तेवढा हायफन सेटअपटूल्सने आणखी दहा वर्षं वागवला, तर कुणाचं काही बिघडत नाही.