विश्लेषण : थायलंडमधली स्वस्ताई नेमकी कोणासाठी?

समुद्रकिनारी लॅपटॉप, शेजारी शहाळे आणि पडद्यावर महिन्याच्या खर्चाचा हिशेब. थायलंडमध्ये थोड्या पैशांत ऐटीत राहता येते, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर सतत दिसतात. त्यातले जेवणाचे आणि भाड्याचे आकडे बहुतेक वेळा खरेही असतात. पण तो हिशेब अर्धाच असतो. उरलेला अर्धा समजून घेतल्याशिवाय सामान बांधणे महागात पडू शकते.

रोजचा खर्च किती?

रस्त्यावरच्या गाडीवर भात आणि परतलेले चिकन साधारण ५० ते ७० बाटला मिळते. चियांग माईत एका खोलीचे सुसज्ज घर महिना ८ ते १२ हजार बाटमध्ये, तर बँकॉकमध्ये स्कायट्रेनच्या स्थानकाजवळ १५ ते २५ हजारांत मिळू शकते. घर घेताना बहुधा दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचे आगाऊ भाडे द्यावे लागते. अनेक घरमालक विजेचा दर सरकारी दरापेक्षा चढा लावतात. एसी दिवसरात्र चालणाऱ्या हवामानात हा फरक बिलात लगेच दिसतो.

२०२५ च्या अखेरीस एक बाट पावणेतीन रुपयांहून थोडा अधिक होता. म्हणजे १० हजार बाट भाडे सुमारे २८ हजार रुपयांना पडते. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. पुण्यातल्या भाडेकरूला मात्र ती ओळखीची वाटेल.

मग हा देश स्वस्त कसा?

त्याचे उत्तर तिथल्या मजुरीत आहे. बँकॉकमध्ये जुलै २०२५ पासून किमान वेतन दिवसाला ४०० बाट आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०,४०० बाट होतात. गाडीवरचे जेवण, कपडे धुणे, घराची साफसफाई परदेशी माणसाला स्वस्त वाटते, कारण ती कामे करणाऱ्यांची कमाई एवढीच असते.

सरकार परदेशी व्यक्तीकडून किती रकमेची अपेक्षा ठेवते?

निवृत्तांच्या व्हिसासाठी वय किमान ५० हवे. शिवाय बँकेत ८ लाख बाट किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. हे उत्पन्न बँकॉकमधल्या किमान वेतनाच्या सहापट आहे. ८ लाख बाट म्हणजे आजच्या हिशेबाने २२ लाख रुपयांहून अधिक. या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ आला. त्याची मुदत पाच वर्षे असून, एका वेळी १८० दिवस राहता येते. त्यासाठी ५ लाख बाट शिल्लक दाखवावी लागते.

कोणते खर्च हिशेबातून निसटतात?

पहिला, आरोग्याचा. थाई नागरिकांसाठी जवळपास मोफत असलेली सरकारी आरोग्य योजना या व्हिसांवर आलेल्यांना लागू होत नाही. वय वाढते तसा खासगी विम्याचा हप्ताही वाढतो. दुसरा, मुलांच्या शिक्षणाचा. आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क घरभाड्याला सहज मागे टाकते. तिसरा, सवयींचा. चीज, वाइन, परदेशी गाडी यांवर कर मोठा आहे. शाकाहारी माणसाची अडचण वेगळीच. साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. ‘जे’ अशी पिवळी पाटी असलेली शाकाहारी दुकाने शोधावी लागतात, नाहीतर महागड्या भारतीय हॉटेलांकडे वळावे लागते.

काही ठिकाणी दरच दोन असतात. खाओ याई राष्ट्रीय उद्यानात थाई प्रौढाला ४० बाट, तर परदेशी प्रौढाला ४०० बाट प्रवेश शुल्क आहे. चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेतातल्या आणि जंगलातल्या आगींचा धूर साचतो. तेव्हा हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे लागते किंवा काही आठवडे दुसरीकडे राहावे लागते.

करांचे काय?

वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहणारा तिथला कर-रहिवासी ठरतो. १ जानेवारी २०२४ पासून अशा व्यक्तीने परदेशात कमावून थायलंडमध्ये आणलेले उत्पन्न करपात्र झाले. भारताशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. पण कागदपत्रे सांभाळण्याचे काम उरतेच.

रुपयात कमावणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावे?

चलनाचा दर. २०१५ मध्ये एक बाट दोन रुपयांच्या आत होता. तेव्हा महिन्याला ४० हजार बाट खर्चासाठी ७५ हजार रुपयांच्या आसपास लागत. तिथे एकाही वस्तूची किंमत वाढली नाही असे मानले, तरी तेवढ्याच बाटसाठी २०२५ च्या अखेरीस एक लाख दहा हजारांहून अधिक रुपये मोजावे लागत होते. बचतीवर जगणाऱ्या निवृत्ताला ही वाढ थेट सोसावी लागते.

थायलंड राहायला वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. युरोप-अमेरिकेतून पगार किंवा निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तो आजही परवडतो. भारतीयाने मात्र त्यांचा हिशेब उसना घेऊ नये. व्हिसासाठी अडकणारी रक्कम, विम्याचा हप्ता, वर्षातून एकदा घरी येण्याचे तिकीट आणि रुपया आणखी घसरण्याची शक्यता या चार ओळी वहीत आधी लिहाव्यात. गाडीवरच्या ६० बाटच्या जेवणाची ओळ त्यानंतर लिहावी.