गाडीत बसून राहणाऱ्यांचा देवगिरी

डिसेंबरच्या सुट्टीत देवगिरीचा किल्ला पाहायचा, असे सांगलीच्या एका कुटुंबात ठरले आणि रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाने वहीच्या पानावर कार्यक्रम आखला. पान मोठे देखणे होते. वेळा काळ्या शाईत, स्थळे लाल शाईत. सकाळी नऊ ते दहा देवगिरी, साडेदहा ते दोन वेरूळ, चार ते पाच बीबी का मकबरा. एका दिवसात तीन स्थळे आटोपत होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परतीचा रस्ता धरता येत होता. जेवणाच्या टेबलाशी ते पान वाचून झाले तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बाई, म्हणजे मुलांच्या आजी, सहजपणे म्हणाल्या, "तुम्ही सगळे वर जाऊन या. मी गाडीत बसते."

हे वाक्य मराठी घरांत इतके रुळले आहे की ते कोणाच्या कानाला खटकत नाही. या बाई प्रतापगडाच्या पायथ्याशी गाडीत बसल्या होत्या, श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या पायथ्याशी बसल्या होत्या, अजिंठ्याला वाहनतळावर बसल्या होत्या. गुडघे दुखू लागल्यापासून प्रत्येक सहलीत त्यांच्याकडे पर्सा, चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचे काम आपोआप आले होते. परतलेली मंडळी मोबाइलवर छायाचित्रे दाखवीत आणि त्या "छान आहे हो" म्हणत.

या वेळी मात्र सुनेने पान आपल्यापुढे ओढले आणि पेन्सिलीने कडेला बेरीज मांडली. देवगिरीचा एक तास, वेरूळचे साडेतीन, मकबऱ्याचा एक. एकूण साडेपाच तास. "खर्चाच्या बाजूला आईंची खोली, जेवण, पेट्रोलचा वाटा, सगळे धरले आहे," ती म्हणाली. "जमेच्या बाजूला त्यांच्या वाट्याला वाहनतळाचे साडेपाच तास. हा हिशेब बरोबर आहे का?"

मुलाला उत्तर सुचले नाही. त्याची चूक एकट्याची नव्हती. किल्ला पाहणे म्हणजे शिखर गाठणे, आणि ज्याला शिखर जमत नाही त्याच्यासाठी किल्लाच नाही, असे आपण सारेच धरून चालतो. देवगिरीच्या बाबतीत हे गृहीत तर साफ खोटे आहे. हा किल्ला एकामागून एक कोटांत बांधलेला आहे. सर्वांत बाहेर जुन्या नगराला वेढणारा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्यापुढे काळाकोट, आणि शेवटी सुमारे दोनशे मीटर उंचीचा तो एकांडा डोंगर. शत्रूने एक कोट जिंकला तर त्याला पुढचा कोट अडवीत असे. आजच्या प्रवाशाला त्याच रचनेचा उलटा लाभ होतो. ज्याची शक्ती जिथे संपेल तिथवरचा किल्ला त्याच्या पदरात पूर्ण पडतो.

अंबरकोट तर गाडीत बसूनच पाहून होतो. संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा रस्ता त्याच्या तटबंदीतून, जुन्या वेशीखालून जातो. वेस अरुंद असल्याने शनिवार-रविवारी तेथे वाहनांची रांग लागते. शनिवारी खुलदाबादच्या भद्रा मारुतीला जाणाऱ्यांची भर पडते. म्हणून किल्ल्यासाठी आठवड्यातला मधला दिवस धरावा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. तेव्हा मंगळवार देवगिरीला द्यावा आणि बुधवार वेरूळला, हे सर्वांत सोयीचे. दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि त्यात दोन्हींची माती होते.

आजींचा खरा किल्ला म्हणजे महाकोट. तिकीट काढून आत शिरले की पहिल्याच दरवाजाच्या फळ्यांवर हत्तींना रोखणारे लोखंडी खिळे दिसतात. दरवाजामागून दरवाजा, मधल्या चौकात मांडून ठेवलेल्या तोफा. पुढे फरसबंदी वाट आहे. चढ आहे, पण हलका. वाटेवर सरस्वती बाव, नंतर हत्ती हौद. हत्ती बुडेल एवढा म्हणून हत्ती हौद, असे म्हणतात; काठावर उभे राहिले की नाव अपुरे वाटते. किल्ल्याचे मर्म पाणी साठवण्यात असते, हे समजण्यासाठी डोंगर चढण्याची गरज नाही. हौदाजवळच स्तंभांनी भरलेली भव्य वास्तू आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजी राजवटीत जुन्या मंदिरांचे स्तंभ वापरून येथे मशीद उभारली गेली. स्वातंत्र्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती आली. स्तंभांवरील कोरीवकाम जवळून, निवांत न्याहाळावे असे आहे. धावत वर जाणारे नेमके तेच चुकवतात. समोर बहामनी काळातला, पंधराव्या शतकातला चांदमिनार आणि त्याच्या मागे तासलेल्या कड्यांचा डोंगर. संपूर्ण देवगिरी एका नजरेत मावतो तो येथूनच. शिखरावरून किल्ला दिसत नाही, भोवतालचा मुलूख दिसतो. सावलीत घडीचे स्टूल टाकून बसणाऱ्या बाईंना येथे दीड-दोन तासही अपुरे पडावेत.

पुढचा टप्पा काळाकोटाचा. येथे पायऱ्या लागतात, पण थोड्या. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर औरंगजेबाने अबुल हसन तानाशाहाला ज्या चिनी महालात कैदेत ठेवले, त्याच्या भिंतींवर निळ्या चकचकीत फरशीचे तुकडे अजून शिल्लक आहेत. जवळच्या बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची तोफ आहे. मग येतो खडकात कोरून काढलेला खंदक. त्याच्या वरचा कडा माणसाने छिन्नीने तासून सरळसोट केलेला आहे. घोरपडही चढणार नाही असा. गुडघे जरा बरे असतील त्यांनी येथवर यावे आणि खंदकाच्या काठावरून समाधानाने परतावे.

खंदकापलीकडे अंधारी. डोंगराच्या पोटातून वळणे घेत जाणारा हा भुयारी मार्ग शत्रूची दिशाभूल करण्यासाठीच घडवलेला आहे. पायऱ्या लहानमोठ्या, काळोख दाट, वटवाघळांचा उग्र दर्प. येथे प्रत्येकाजवळ आपली बॅटरी हवी आणि दोन्ही हात मोकळे हवेत. दम्याचा, हृदयाचा किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्या माणसाला आग्रहाने आत नेणे हा शुद्ध अविचार होय. अंधारीतून बाहेर पडल्यावर पायऱ्यांची चढण, मग शाहजहानच्या काळातील बारादरी, आणि शिखराजवळ संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचे स्थान. स्वामी या किल्ल्यावर अधिकारी होते. बालवयातले एकनाथ पैठणहून त्यांच्याकडे आले ते येथेच. एकूण पायऱ्या सातशेच्या वर. वर जाऊन खाली येण्यास तीन तास तरी धरावेत. मुलाच्या पानावरचा एक तास जेमतेम चांदमिनारापर्यंतचा होता.

हे सारे वाचून दाखवले जात असताना आजोबा गप्प होते. चाळीस वर्षे त्यांनी मार्केट यार्डात हळदीची अडत केली होती आणि देवगिरीविषयी त्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती: मिठाच्या पोत्यांची. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अचानक चालून आला. मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर गेलेले होते. रामचंद्रदेव यादवाने किल्ल्याचा आश्रय घेतला आणि घाईघाईने धान्याची पोती वर चढवली गेली. वेढा लांबला, पोती फोडली, तर आत मीठ निघाले. ही कथा फिरिश्ता या इतिहासकाराने तीनशे वर्षांनंतर लिहिली, तेव्हा तिच्यात भर किती हा प्रश्न राहतोच. आजोबांना तो पडत नव्हता. "पोत्यात नळी खुपसून नमुना पाहिल्याशिवाय आम्ही पावती फाडत नव्हतो," ते म्हणाले. "एवढा खंदक, एवढा कडा, पण किल्ला पडला तो कोठारात."

नियोजनाच्या दृष्टीने या स्थळाचा इतिहास तसा फारसा भाग्याचा नाहीच. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने याचे दौलताबाद करून दिल्लीची माणसे येथे आणवली, आणि काही वर्षांतच त्यांना परतण्याची मुभा द्यावी लागली. नकाशावर राजधानी साम्राज्याच्या मध्यावर येत होती. एवढे चालणार कोण, हे नकाशात दिसत नव्हते. दिल्लीतल्या एका आंधळ्याला फरफटत आणले आणि येथे त्याचा केवळ पाय पोहोचला, अशी गोष्ट इब्न बतूताने लिहून ठेवली आहे. अभ्यासक तिला अतिशयोक्ती मानतात. मात्र ती कोणाविषयी सांगितली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सुनेने नवे पान घेतले. पहिली ओळ सूर्यास्ताची लिहिली. डिसेंबरात तिकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम. म्हणजे बँकेच्या रोकड खिडकीसारखी दिवसाची शेवटची वेळ आधीच ठरलेली. तिथून मागे मोजत आले की बाकीचा दिवस आपोआप जागेवर बसतो. सोमवारी केवळ प्रवास. मंगळवारी दार उघडताच किल्ला. दशम्या आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी पिशवीत, तोंड बांधून. किल्ल्यावरची माकडे हातातला घास सोडत नाहीत. उकळून गार केलेले पाणी प्रत्येकाचे वेगळे. बाईंसाठी काठी, घडीचे स्टूल, रबरी तळाचे बूट. मंगळवारची दुपार विश्रांतीची. बुधवारी वेरूळ, आणि तेथेही आधी ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी. ती कैलास लेण्यापासून किलोमीटरभर उत्तरेला असल्याने दमलेले पाय तिथवर पोहोचतच नाहीत. त्या डोंगरावरील पार्श्वनाथांच्या मूर्तीवर शके ११५६ चा लेख आहे. तेव्हा देवगिरीवर यादव राजा सिंघण राज्य करीत होता. मकबऱ्यावर सुनेने सरळ काट मारली.

प्रश्न उरला आजोबांचा. त्यांना जनार्दनस्वामींच्या स्थानापर्यंत जायचे होते. तरुणपणापासून मनात होते. पाय अजून चांगले होते. पण आता ते म्हणाले, "मी खंदकापर्यंत येतो. मग खाली हिच्यापाशी बसतो."

"काही नको," बाई म्हणाल्या. "या वेळी मी काही गाडीत नाही. माझा हौद आहे, मिनार आहे, खांब बघायचे आहेत. तुम्ही वर जा. वर काय आहे ते सांगायला मला एक माणूस तरी हवा. ही मुले नुसते फोटो दाखवतात."

आजोबांनी पान हातात घेतले आणि चष्मा लावून वेळा तपासल्या. नऊला दरवाजा, साडेनऊला चांदमिनार, तिथून वर जाणारे वेगळे. स्वतःच्या हाताने त्यांनी खाली लिहिले: परत मिनारापाशी, साडेबारा.

"साडेबारा म्हणजे साडेबारा," बाई म्हणाल्या. "हळदीच्या सौद्यासारखे नको."