दहा गुंठ्यांची अट

सज्जन माणसाच्या हातून अन्यायाचा कायदा घडतो, तेव्हा पुढच्या पिढ्या त्याच्या सज्जनपणाचे दाखले देतात आणि कायदा विसरतात. आयर्लंडचे सर विल्यम ग्रेगरी यांच्याबाबत नेमके हेच झाले. सिलोनचे कर्तबगार गव्हर्नर, कोलंबोच्या वस्तुसंग्रहालयाचे संस्थापक, नाटककार लेडी ग्रेगरी यांचे पती ही त्यांची ओळख खोटी नाही. पण ती अपुरी आहे, आणि अपुरेपणातच तिचे राजकारण आहे.

गॉल्वे परगण्यातील कूल येथील ग्रेगरी घराण्याची जमीन त्यांच्या पणजोबांनी १७६८ मध्ये विकत घेतली, ती ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानात कमावलेल्या पैशावर. आजोबा डब्लिनच्या सरकारात अनेक वर्षे अंडर-सेक्रेटरी होते. असा हा तरुण जमीनदारपुत्र १८४२ मध्ये डब्लिनमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे पार्लमेंटात गेला.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि गरिबांचे एकमेव अन्न शेतातच कुजले. १८४७ साली दुष्काळ-निवारणाचा बोजा स्थानिक करांवर टाकणारे विधेयक आले. त्यात ग्रेगरींनी एक कलम घालावयास लावले : पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला ती सोडल्याशिवाय सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे! कलमाच्या बाजूने ११७ मते पडली, विरोधात अवघी ७. याचा परिणाम छोट्या शेतकऱ्यांची संपूर्ण सफाई हाच होईल, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ पूलेट स्क्रोप यांनी सभागृहात दिला होता.

या कलमाचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. चार पौंडांपर्यंत वार्षिक मूल्य असलेल्या जमिनीवरील गरीब-निधीचा कर कुळाऐवजी जमीनदाराला भरावा लागे. म्हणजे लहान कूळ हटले की कर वाचे. इकडे कर वाचविण्यासाठी जमीनदाराला कूळ नको होते आणि तिकडे भाकरीसाठी कुळाला जमीन सोडणे भाग होते. अनेक ठिकाणी केवळ शेत सोडून भागले नाही. झोपडीही पाडून घ्यावी लागली. काहींनी जमीन न सोडता मरण पत्करले. कारण जमीन गेली की पुढच्या हंगामाची आशाही गेली, हे त्यांना कळत होते. भुकेल्याला मदत देण्याआधी त्याचे जगण्याचे साधन काढून घेणारी ही ‘निवारण’ योजना नव्हती. ती दारिद्र्याला कायम करणारी योजना होती. कुटुंबप्रमुखाने जमीन सोडली नाही तरी बायकामुलांना मदत देता येते, हा कायदेशीर खुलासा यायला १८४८ चा मे महिना उजाडला.

ग्रेगरींचे समर्थक सांगतात की ते स्वतःच्या कुळांशी दयाळूपणे वागत, आणि त्यांचे वडील १८४७ मध्ये दुष्काळी तापानेच वारले. मान्य. पण एका जमीनदाराची दया त्याच्या कुंपणापर्यंत पोहोचते. कायदा साऱ्या देशाला लागू होतो. मदतीचा गैरवापर थांबविणे हाच हेतू होता, असेही म्हटले जाते. मग हा निकष श्रीमंतांना का लावला नाही? पुढे घोड्यांच्या शर्यतींतील कर्जापायी ग्रेगरींनाच आपल्या जमिनीचा मोठा भाग विकावा लागला. त्यांच्याकडे दारिद्र्याचा दाखला कोणी मागितला नाही. १८५७ मध्ये ते पुन्हा पार्लमेंटात आले, नंतर लिबरल झाले आणि १८७२ मध्ये गव्हर्नरही.

आयर्लंडची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजारांवर आली. हे सर्व पाप एका कलमाचे नव्हे. पण उपासमारीच्या संधीचा फायदा घेऊन जमिनीची मालकी मोकळी करून घेण्याचे हत्यार त्या कलमाने जमीनदारांच्या हाती दिले. आजही कोणी मदतीआधी गरिबाची जमीन, गुरे वा अवजारे मोजू लागला, तर त्याचा हेतू किती शुद्ध आहे हे विचारू नये. मोजणी संपल्यावर जमीन कोणाकडे गेली, एवढेच विचारावे.